सावरायला वेळ द्या, प्रेरणा नंतर घ्या

मा. संपादक,
नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून हिंसेतून वाचलेल्या माणसांवर लेख येतात. कुणी नवऱ्याच्या मारातून बाहेर पडून स्वतःचं काम उभं केलं, कुणी जीवघेण्या हल्ल्यातून वाचून आता दुसऱ्यांसाठी झटतंय. मी ते सगळे वाचते, काही कापूनही ठेवलेत. हे पत्र तक्रारीचं नाही. पण त्या लेखांत एक गोष्ट जवळजवळ दर वेळी राहून जाते आणि ती राहून गेली की त्याचा त्रास आमच्यासारख्यांना घरीदारी होतो, म्हणून लिहितेय.

मी घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेली बाई आहे, आता बरीच वर्षं झाली त्याला. आमचा एक सपोर्ट ग्रुप आहे, बायका जास्त पण पुरुषही आहेत, लहानपणी घरात बेदम मार खाल्लेले, एक जण जमावाच्या तावडीतून वाचलेला. माझं नाव कृपया छापू नका, ग्रुपमधल्या काहींच्या केस अजून चालू आहेत आणि माझ्या नावावरून त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड नाही.

सांगायचंय ते असं की हिंसा सोसलेला माणूस नंतर वाढतो, बदलतो, पूर्वी नव्हता तितका मोठा होतो हे खरं आहे, मी बघितलंय आणि अनुभवलंय. पण ही वाढ त्याच्याकडून वसूल करायची नसते. "तू तर किती स्ट्राँग झालीस", "जे झालं ते चांगल्यासाठीच झालं", "आता तू बाकीच्यांना मार्ग दाखव" ही वाक्यं लोक मनापासून बोलतात, माया असते त्यात, मला कळतं. पण ज्या बाईला अजून रात्री झोप लागत नाही तिला ती वाक्यं ऐकून वाटतं की आपण यातही कमी पडलो, बाकीचे वाढले आणि आपण आहोत तिथेच.

मानसशास्त्रात या वाढीवर बराच अभ्यास झालाय. अमेरिकेत रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या दोघांनी आघातानंतरची वाढ हा विषय नव्वदच्या दशकात नीट मांडला आणि १९९६ मध्ये ती मोजायला २१ प्रश्नांची एक प्रश्नावली काढली. त्यात पाच बाजू बघतात, माणसांशी नातं जास्त खोल होणं, नवीन वाटा दिसणं, स्वतःच्या ताकदीची जाणीव, श्रद्धेत किंवा आध्यात्मिक समजुतीत बदल, आणि जगण्याची किंमत कळणं. पण या दोघांनी जे ठासून सांगितलंय तेच नेमकं गाळलं जातं. वाढ त्या घटनेतून येत नाही, घटनेनंतर माणूस जी झुंज देतो त्यातून येते. म्हणजे ज्याने मारलं त्याला याचं काडीचंही श्रेय नाही. दुसरं, वाढ आणि वेदना एकाच वेळी एकाच माणसात राहतात, एक आली म्हणून दुसरी जात नाही. माझंच बघा ना, मी आज चारचौघांत उभी राहून बोलते, पूर्वी फोनवर बोलायची सुद्धा धडकी भरायची, आणि तरीही मागून कुणी जोरात दार आपटलं की माझे हात गार पडतात. दोन्ही खरंय, मला त्यातलं एकच सांगायला लावू नका.

वाढ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्टेज, माईक, पुरस्कार असं काहीतरी येतं. आमच्यात ती खूप लहान जागी दिसते. आमच्या ग्रुपमध्ये एक ताई यायच्या, त्या कायम दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, पर्स मांडीवर, चपला पायातच, म्हणजे कधीही उठून जाता येईल अशा. कित्येक महिने त्या काहीच बोलल्या नाहीत आणि कुणी बोलायला लावलंही नाही. मग एकदा एक नवीन मुलगी आली, अंगाचं मुटकुळं करून दारातच उभी राहिली, आत येईना. या ताई उठल्या, तिला म्हणाल्या इथे बस, इथून दार दिसतं, आणि स्वतः आत खिडकीजवळ जाऊन बसल्या. बस, एवढंच. त्या दिवशीही त्या स्वतःबद्दल काही बोलल्या नाहीत. पण आमच्या काउन्सेलर बाई नंतर म्हणाल्या की आज खूप मोठी गोष्ट झाली, आणि आम्हा सगळ्यांनाच ते कळलं होतं. दुसऱ्याला कशाची भीती वाटते हे आतून ओळखता येणं, आणि आपल्याला थोडंसं सुरक्षित वाटायला लागल्यावर ती सुरक्षित जागा दुसऱ्याला देणं.

माझ्या बाबतीत सांगायचं तर एक फॉर्म आठवतो. नोकरीसाठी भरत होते, त्यात आणीबाणीच्या वेळी कुणाला कळवायचं असा एक रकाना होता, इतकी वर्षं तिथे एकच नाव लिहायची सवय, आणि तेच नाव माझ्या आणीबाणीचं कारण होतं. पेन धरून बसून राहिले. शेवटी ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला फोन करून विचारलं, तुझं नाव लिहू का. ती म्हणाली विचारतेस काय, नंबर पाठ नसेल तर घे लिहून. प्रश्नावलीतला तो "नात्यांमध्ये बदल" म्हणजे माझ्यासाठी हा एक रकाना.

आमच्यातला एक जण आता बाप झालाय. लहानपणी पट्ट्याने मार खाऊन मोठा झालेला. मुलगा हट्टाला पेटला आणि याचा राग चढायला लागला की हा बायकोला सांगून खोलीबाहेर जातो, तोंडावर पाणी मारतो, श्वास जागेवर आला की परत येऊन मुलाजवळ जमिनीवर बसतो. जो मार खातो तोच पुढे मारतो असं लोक सहज बोलून जातात. मार खाल्लेल्या मुलांमध्ये पुढे तसं वागण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, पण बहुतेक जण तसं वागत नाहीत हेही तितकंच खरं आहे, आणि त्यामागे जी रोजची मेहनत असते तिच्यावर कधी कुणी लेख लिहीत नाही.

आता वेळेबद्दल. हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले, आजही जगभर त्याचा आधार घेतात. आधी सुरक्षितता, मग जे झालं ते आठवणं आणि त्याचं दुःख करणं, आणि मग पुन्हा माणसांत येणं. सगळ्यांची घाई असते ती तिसऱ्या टप्प्याची. पहिलाच झालेला नसतो हो! घर सोडलं म्हणजे सुटलो असं नसतं, उलट जोडीदाराच्या हिंसेत बाई सोडून जायला निघते किंवा नुकतीच गेलेली असते तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारा कुणीही सांगेल. त्या काळात तिला राहायला जागा, हातात स्वतःचे पैसे, मुलांची शाळा आणि पाठलाग होणार नाही याची खात्री लागते. त्या वेळी तिला आयुष्याचा अर्थ काय ते विचारू नये.

आणि सगळं बोलून मोकळं हो, हा सल्लाही जपून द्यावा. भयंकर प्रसंगानंतर लगेच माणसाला बसवून सगळं तपशीलवार बोलायला लावायची एक पद्धत पूर्वी खूप चालायची. नंतर तपासून बघितल्यावर कळलं की एकाच बैठकीत असं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली त्यात साधं सांगितलंय, बघा, ऐका, जोडून द्या. काय हवं नको ते बघा, तो स्वतःहून बोलेल तेवढं ऐका, आणि मदत जिथे मिळते तिथे त्याला जोडून द्या. खोदून विचारू नका. पुढे जखम भरत नसेल, झोप, काम, नाती सगळंच कोलमडत असेल तर ट्रॉमावर काम करणाऱ्या थेरपी आहेत आणि त्यांचा उपयोग होतो, मला झालाय. पण ते ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने करायचं काम आहे, शेजारणीने नव्हे.

शेजारणीचं काम वेगळं आहे आणि माझ्या मते ते थेरपीपेक्षा कमी नाही. २००० साली मानसशास्त्रज्ञ ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून बघितलं की आघातानंतरचा तो दीर्घ मानसिक आजार, ज्याला पीटीएसडी म्हणतात, तो कुणाला जास्त होतो. तर सगळ्यात ठळक कारणांमध्ये आलं ते म्हणजे नंतर आसपासच्या माणसांचा आधार न मिळणं. आधीचं आयुष्य, शिक्षण, वय यांचाही संबंध आढळला पण तो कमी. म्हणजे घटना घडून गेल्यावर सुद्धा बरंच काही आपल्या, म्हणजे तुमच्या आमच्या हातात असतं. पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा समोरचा काय म्हणाला हे माणूस मरेपर्यंत विसरत नाही. आमच्या ग्रुपमध्ये मारहाणीच्या तारखा सगळ्यांना आठवत नाहीत पण ते पहिलं वाक्य प्रत्येकाला पाठ आहे.

ते वाक्य पुष्कळदा असतं "मग तू ओरडली का नाहीस?" किंवा "प्रतिकार का नाही केलास?" याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण या एका प्रश्नाने माणसं वर्षानुवर्षं मागे ढकलली जातात. भीती टोकाला गेली की शरीर गोठतं, हात पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि ही मेंदूची आपोआप होणारी क्रिया आहे, त्यात ठरवणं बिरवणं काही नसतं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका खास क्लिनिकमध्ये बलात्कारानंतर आलेल्या जवळपास ३०० बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या ७० टक्के बायकांनी हल्ल्याच्या वेळी शरीर असं लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं होतं. सत्तर टक्के! म्हणजे हेच नेहमीचं आहे, ओरडणं किंवा झटापट करणं हेच कमी वेळा घडतं. हा आकडा पोलिसांना, वकिलांना, डॉक्टरांना, आयांना, सगळ्यांना माहीत असायला हवा. आमच्यातल्या एकीला हे बऱ्याच उशिरा कळलं, ती ऐकून रडायला लागली आणि म्हणाली म्हणजे मी होकार दिला नव्हता ना. इतकी वर्षं ती स्वतःच्याच विरुद्ध उलटतपासणी घेत होती.

आता समाजाच्या वाढीबद्दल. हिंसा सोसलेला माणूस समाजापासून तुटतो असा सर्वसाधारण समज, आणि काही जण तुटतातही. पण सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी युद्ध झालं, त्यानंतर बेलोज आणि मिगेल या अर्थशास्त्रज्ञांना दिसलं की ज्या घरांनी जास्त सोसलं होतं त्याच घरातली माणसं नंतर गावच्या सभांना जास्त जात होती, स्थानिक गटांमध्ये जास्त सामील होत होती, मतदानही जास्त करत होती. उत्तर युगांडात बंडखोरांनी पळवून नेलेली मुलं परत आल्यावर त्यांच्यातही राजकीय सहभाग वाढलेला दिसला. पाच खंडांमधल्या सर्व्हेंचा आधार घेऊन २०१२ मध्ये रेजिना बेट्सन यांनी दाखवलं की गुन्ह्याला बळी पडलेले लोक इतरांपेक्षा सार्वजनिक कामात जास्त भाग घेतात. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, आमच्या ग्रुपमधली माणसं बघितली की हेच दिसतं.

पण यालाही दुसरी बाजू आहे, ती लपवायला नको. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलंय की हा जिव्हाळा बरेचदा आपल्याच गटापुरता राहतो, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी काहींना कडक हाताने राज्य करणारा किंवा तिथल्या तिथे शिक्षा देणारा माणूस बरोबर वाटायला लागतो. दुःख माणसाला आपोआप शहाणं करत नाही. अर्विन स्टाउब नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, लहानपणी हंगेरीत नाझींच्या काळातून जीव वाचलेले. त्यांनी दुःखातून जन्मणाऱ्या परोपकारावर बरंच काम केलं आणि त्यांचं म्हणणं असं की सोसलेला माणूस दुसऱ्याकडे वळतो तो जखम भरायला मदत मिळाली, माया मिळाली, आणि त्या वेळी कुणीतरी मधे पडून वाचवायचा प्रयत्न केला असेल तर. म्हणजे परत गाडी तिथेच येते, आजूबाजूचे काय करतात.

सोसलेल्यांनी समाजाला किती दिलंय याची उदाहरणं कमी नाहीत. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत मुलं गायब झाली तेव्हा १९७७ मध्ये काही आया ब्युनोस आयर्सच्या मुख्य चौकात जमल्या, जमून उभं राहायला बंदी म्हणून गोल फिरत राहिल्या. त्याच वर्षी त्यांच्यातल्या अझुसेना विय्याफ्लोर यांनाच पळवून मारलं गेलं, तरी बाकीच्या थांबल्या नाहीत. राजवटीने चोरलेली नातवंडं शोधायचा ध्यास त्यांच्यातल्या आज्यांनी घेतला, त्यातून रक्ताच्या नमुन्यांवरून आजी आणि नातवंड यांचं नातं सिद्ध करायचं शास्त्र पुढे गेलं आणि आजवर १३० हून जास्त नातवंडांची ओळख पटली आहे. फ्रान्समध्ये जिझेल पेलिको यांना नवरा गुंगीचं औषध देऊन परक्या पुरुषांकडून त्यांच्यावर बलात्कार करवायचा, २०२४ मध्ये त्या खटल्यात त्यांनी नाव गुप्त ठेवायचा हक्क स्वतः सोडला, खटला उघड्या कोर्टात चालवायला लावला आणि लाज आमची नाही, करणाऱ्यांची आहे हे जगाला ऐकवलं. ५१ जण दोषी ठरले. सत्तरी ओलांडलेली बाई जवळजवळ रोज त्या कोर्टात येऊन बसत होती.

आणि आपल्या भंवरी देवी. राजस्थानातल्या भटेरी गावच्या, सरकारी कार्यक्रमात साथिन म्हणजे गावातली कार्यकर्ती म्हणून काम करायच्या, बालविवाह थांबवायला गेल्या त्याचा राग धरून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्या प्रकरणानंतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखायचे नियम घालून देणारा विशाखा निकाल आला, २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. आज कुठल्याही ऑफिसात एखादी मुलगी तक्रार समितीकडे जाते ती त्यांच्यामुळे. पण त्यांच्या स्वतःच्या केसमध्ये १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं, त्यावरचं अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं, गावात वाळीत टाकल्यासारखं जगावं लागलं ते वेगळंच. समाज वाढला. ज्या बाईच्या जिवावर वाढला तिच्या पदरात काय पडलं? हा प्रश्न मला कुठल्याही सत्कार समारंभापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मला काँगोमधल्या डॉ. डेनिस मुकवेगे यांचं काम मोलाचं वाटतं, २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना नादिया मुराद यांच्याबरोबर मिळालं. बुकावू शहरातल्या त्यांच्या पांझी हॉस्पिटलमध्ये लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांना फक्त ऑपरेशन करून घरी पाठवत नाहीत. शरीरावर उपचार, मनासाठी आधार, कोर्टासाठी वकील आणि परत पायावर उभं राहायला कामधंद्याचं शिक्षण, चारही एकत्र. ज्याला आपण वाढ म्हणतो ती होण्यासाठी खाली एवढं सगळं असावं लागतं. हे नसताना जी माणसं उभी राहतात ती राहतात, त्यांना माझा नमस्कार, पण त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना हे का जमत नाही असं विचारायचा हक्क कुणाला नाही.

आमच्यातले बहुतेक जण स्टेजवर कधीच येणार नाहीत. ज्युडिथ हर्मन यांचंही निरीक्षण असंच होतं की बहुतेकांचं सावरणं स्वतःच्या खासगी आयुष्यातच होतं, सार्वजनिक कामाकडे वळणारे थोडे असतात. काम करणं, मुलं वाढवणं, रात्री झोप लागणं, कुणावर तरी परत विश्वास टाकणं, ही पूर्ण वाढ आहे. ज्यांना विसरून पुढे जायचंय त्यांनाही जाऊ द्या. आणि माफ करायलाच हवं, त्याशिवाय मन मोकळं होत नाही, असं जे सतत सांगतात त्यांना सांगावंसं वाटतं की मी माफ केलेलं नाही आणि मी छान जगतेय.

तर संपादक म्हणून तुमच्याकडे काही मागायचंय. असा लेख छापण्यापूर्वी त्या माणसाला मजकूर वाचून दाखवा आणि यातलं काय गाळू असं विचारा, दुसऱ्या दिवशी त्याचं मन बदललं तर तेही ऐका. मारहाणीचं वर्णन कमी करून नंतर कोण उभं राहिलं, राहायला जागा कशी मिळाली, केस किती चालली, पैसे कुठून आले हे जास्त लिहा, कारण वाचणारी जी बाई आज अडकलेली आहे तिला त्याचाच उपयोग आहे. "तरीही ती हसतेय" असली हेडलाईन नको. खाली मदतीचा फोन नंबर दर वेळी छापा, आणि छापण्यापूर्वी तो नंबर कुणीतरी उचलतंय का ते एकदा फोन करून बघा. आणि ज्यांची कहाणी छापली त्यांची केस, त्यांचं काम, त्यांचं बरं चाललंय का यावर वर्षा दोन वर्षांनी परत एक बातमी करा, त्यांची तयारी असेल तर.

आपली,
एक वाचक